एका रागीट गोलंदाजाचा चोख हिशेब



फिरकी गोलंदाज म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एक शांत माणूस येतो. तो चार पावले चालत येतो, चेंडू हवेत अलगद सोडतो आणि फलंदाजाने षटकार मारला तरी हसून पुन्हा आपल्या जागी जातो. आज आम्ही ज्यांच्याविषयी लिहिणार आहोत ते बिल ओरायली या चित्रात कुठेच बसत नाहीत. सहा फुटांवर उंची, वेगवान गोलंदाजासारखी धाव, दोन्ही हात पवनचक्कीसारखे फिरवत टाकलेला चेंडू आणि फलंदाजाने चौकार मारला की चेहऱ्यावर उसळणारा संताप. लोकांनी त्यांना ‘टायगर’ हे नाव दिले ते उगीच नव्हे. सर डॉन ब्रॅडमन यांनी आयुष्यभर जगातले उत्तमोत्तम गोलंदाज खेळून काढले. त्या सगळ्यांत ओरायली श्रेष्ठ, हे मत त्यांनी कधी बदलले नाही. आणि गंमत अशी की या दोघांचे एकमेकांशी कधी फारसे पटलेही नाही. ते का पटले नाही, आणि न पटूनही दोघांनी एकमेकांच्या गुणांचा हिशेब कसा चोख ठेवला, हे आम्हाला आज सांगायचे आहे.

विल्यम जोसेफ ओरायली यांचा जन्म २० डिसेंबर १९०५ रोजी ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स प्रांतातील व्हाइट क्लिफ्स या गावी झाला. गाव रखरखीत. जमिनीखाली ओपल नावाचे रंगीत रत्न सापडते म्हणून माणसे तिथे राहायची. वडील शाळामास्तर. आजोबा १८६५ च्या सुमारास आयर्लंडच्या कॅव्हन परगण्यातून आलेले. मास्तरांची बदली होई तसे कुटुंब फिरे : १९०८ मध्ये मरिंगो, १९१७ मध्ये विंगेलो. बिल हे चौथे अपत्य. घरात मोठे भाऊ असले की धाकट्याच्या वाट्याला बॅट येत नाही, हे कुठल्याही अंगणातल्या क्रिकेटचे सत्य आहे. धाकट्याने चेंडू टाकायचा, आणणे-पळणेही त्यानेच करायचे. या भावंडांचा चेंडूसुद्धा विकतचा नव्हता. बँक्सिया नावाच्या झाडाचे मूळ तासून तो बनवलेला असे. अशा लाकडी, वेड्यावाकड्या चेंडूने ज्याने सुरुवात केली त्याची पकड पुस्तकातली कशी असणार?

ती नव्हतीच. शिकवणारेही कोणी नव्हते. मोठा भाऊ जॅक सिडनीला गेला होता. तिथे त्याने आर्थर मेली या प्रसिद्ध लेगस्पिनरला सराव करताना पाहिले आणि गुगली कशी टाकतात याचे वर्णन पत्रातून धाकट्या भावाला कळवले. बिल यांनी ते पत्र वाचून गुगली शिकून घेतली. पुढे ते सिडनीत आले तेव्हा खुद्द मेली यांनी त्यांना पकड बदलण्याचा सल्ला दिला. ओरायलींनी तो ऐकला नाही. चार्ली टर्नर नावाचे जुन्या पिढीतील थोर गोलंदाज होते. त्यांनीही या मुलाला, आहे तेच ठेव, बदलू नकोस, असेच सुचवले. हे आम्ही मुद्दाम लिहितो आहोत. कारण मोठ्या माणसाचा सल्ला हा नेहमी शिरसावंद्य मानावा अशी आपल्याकडे रीत आहे, आणि ती बहुतेक वेळा बरोबरही असते. पण बहुतेक वेळाच.

शिक्षण गोलबर्न येथील सेंट पॅट्रिक्स कॉलेजात, ख्रिश्चन ब्रदर्सच्या वसतिगृहात झाले. मग सिडनीच्या टीचर्स कॉलेजात ते शिक्षक होण्यासाठी गेले. १९२५ च्या डिसेंबरात सुट्टीसाठी ते रेल्वेने विंगेलोला घरी निघाले होते. वाटेत बोरल स्टेशनवर त्यांच्या नावाने हाका ऐकू आल्या. विंगेलोचा संघ त्या दिवशी बोरलशी खेळणार होता आणि गोलंदाज कमी पडत होता. आईने क्रिकेटचे कपडे आधीच संघाबरोबर पाठवून दिले होते. ओरायली गाडीतून उतरले ते थेट मैदानावर. बोरलकडून एक ठेंगणा, सतरा वर्षांचा मुलगा फलंदाजीला आला. सुरुवातीलाच ओरायलींच्या चेंडूवर त्याचे दोन झेल उडाले. ते दोन्ही सुटले. त्यातला एक तर स्लिपमध्ये उभे असलेले विंगेलोचे कप्तान आपला पाइप पेटवण्यात गुंतले होते म्हणून सुटला, अशी हकिगत सांगतात. संध्याकाळपर्यंत त्या मुलाच्या नाबाद २३४ धावा झाल्या. मुलाचे नाव डॉन ब्रॅडमन.

सामना पुढच्या शनिवारी पुढे सुरू झाला. ओरायलींच्या पहिल्याच चेंडूवर ब्रॅडमन यांचा पायामागून त्रिफळा उडाला. आठवडाभर तो चोपलेला गोलंदाज घरी काय विचार करत बसला असेल, हे ज्याने कधी मार खाल्ला आहे त्यालाच कळेल.

यानंतर ओरायली झटपट वर चढले असे मात्र नाही. १९२७-२८ मध्ये ते न्यू साउथ वेल्सकडून खेळले खरे, पण सरकारी शिक्षक म्हणून शिक्षण खात्याने त्यांची बदली दूरच्या गावांत केली : ग्रिफिथ, रायलस्टोन, कँडोस. १९२८ ते १९३० ही तीन वर्षे तिकडेच गेली. बावीस ते पंचवीस हे खेळाडूच्या उमेदीचे वय. तोपर्यंत ब्रॅडमन जगप्रसिद्ध झाले होते आणि ओरायली खेड्यातल्या शाळेत फळ्यावर लिहीत होते. आपल्या धर्मग्रामात शिक्षक-शिक्षिका पुष्कळ आहेत. बदलीचा कागद हाती पडला की घराचे काय होते, हे त्यांना आम्ही सांगायला नको.

सिडनीत परत आल्यावर १९३२ च्या सुरुवातीला ॲडलेड येथे दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्यांना पहिली कसोटी मिळाली. त्या सामन्यात ब्रॅडमन नाबाद २९९ राहिले आणि क्लॅरी ग्रिमेट यांनी १४ बळी घेतले. नव्या माणसाकडे पाहायला कोणाला सवड असणार? पण पुढच्याच मोसमात इंग्लंडचे कप्तान जार्डिन ‘बॉडीलाइन’ घेऊन आले. फलंदाजाच्या अंगावर चेंडू टाकण्याच्या त्या कुप्रसिद्ध मालिकेत ऑस्ट्रेलिया एकच कसोटी जिंकली, मेलबर्नची. त्या कसोटीत ओरायलींनी दोन्ही डावांत पाच-पाच बळी घेतले. मालिकेत त्यांचे २७ बळी झाले. १९३४ च्या इंग्लंड दौऱ्यावर नॉटिंगहॅमच्या पहिल्या कसोटीत त्यांनी ११ बळी घेतले. मँचेस्टरला तर निर्जीव खेळपट्टीवर चार चेंडूंत तीन फलंदाज बाद केले आणि त्यांत वॉली हॅमंड होते. पाच कसोट्यांत ओरायलींचे २८ बळी, ग्रिमेट यांचे २५. एका टोकाने वाघ आणि दुसऱ्या टोकाने हा बारीक चणीचा, म्हातारा दिसणारा कोल्हा. ग्रिमेट ओरायलींपेक्षा चौदा वर्षांनी मोठे. एकाच कलेतले दोन कलाकार सहसा एकमेकांना पाण्यात पाहतात. हे दोघे मात्र जिवलग मित्र झाले.

त्या काळी ऑस्ट्रेलियात क्रिकेटवर पोट भरत नसे. दौरा सात-आठ महिन्यांचा. तेवढी रजा मागायची म्हणजे वरिष्ठांच्या दारात उभे राहायचे. १९३३ मध्ये मॉली हर्बर्ट यांच्याशी ओरायलींचा विवाह झाला होता. संसार सुरू झाला होता. शेवटी त्यांनी सरकारी शिक्षकाची नोकरी सोडली. काही काळ सिडनी ग्रामर स्कूल या खाजगी शाळेत त्यांनी शिकवले आणि नंतर ते सिडनीच्या लायन टाइल कंपनीत सेक्रेटरी म्हणून गेले. पुढे ते त्याच कंपनीचे मॅनेजर झाले. खडू सुटला, चेंडूही पुढे सुटला. टाइलची कंपनी मात्र टिकली. त्यांच्या चरित्रात हा भाग लोक दोन ओळींत उरकतात. आमच्या मते तो तसा उरकण्यासारखा नाही, आणि त्याचे कारण पुढे येईल.

आता त्या न पटण्याविषयी.

त्या काळच्या ऑस्ट्रेलियात पाचातला एक माणूस कॅथलिक होता आणि कॅथलिक म्हणजे बहुतेक आयरिश वंशाचा. पहिल्या महायुद्धात सक्तीची सैन्यभरती करावी की नाही यावर १९१६ आणि १९१७ मध्ये दोनदा जनमत घेतले गेले. मेलबर्नचे आर्चबिशप मॅनिक्स यांनी सक्तीला जाहीर विरोध केला. सक्ती दोन्ही वेळा नाकारली गेली, पण कॅथलिकांच्या राजनिष्ठेवर जो संशय बसला तो पुढे अनेक वर्षे पुसला गेला नाही. नोकरीत, शेजारात, लग्नाच्या बोलाचालीत तो डोकावे. तो ड्रेसिंगरूममध्येही शिरला होता. ब्रॅडमन प्रॉटेस्टंट, अबोल, मद्यापासून दूर, आपल्या खोलीत बसून पत्रे लिहिणारे. ओरायली, स्टॅन मॅकेब, जॅक फिंगल्टन ही मंडळी आयरिश वळणाची, गप्पिष्ट, हास्यविनोदात रमणारी. केवळ धर्मामुळेच बिनसले असे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरेसे खरे नाही. स्वभावांतही अंतर होते, आणि एका माणसाच्या नावाने सारे स्टेडियम भरू लागले की बाकीच्यांच्या मनात जे होते तेही होते.

१९३६-३७ मध्ये ब्रॅडमन कप्तान झाले. इंग्लंडविरुद्धच्या पहिल्या दोन कसोट्या ऑस्ट्रेलिया हरली, तिसरी जिंकली. जिंकल्यानंतर क्रिकेट बोर्डाने चार खेळाडूंना समोर बोलावले : ओरायली, मॅकेब, फ्लीटवूड-स्मिथ आणि लिओ ओब्रायन. चौघेही आयरिश वंशाचे कॅथलिक. कप्तानाला साथ न देण्याविषयी आणि शिस्तीविषयी त्यांना ऐकवण्यात आले. हा आमच्यावर आरोप आहे काय, असे ओरायलींनी सरळ विचारले. तसा आरोप नाही, असे उत्तर मिळाले. मग आम्हाला बोलावले कशाला, या प्रश्नावर बैठक विरघळून गेली. आपल्याला याची आधी काहीच कल्पना नव्हती, असे ब्रॅडमन यांचे म्हणणे होते. ओरायलींचा त्यावर कधी विश्वास बसला नाही. त्या मालिकेत त्यांनी त्याच कप्तानाच्या हाताखाली २५ बळी घेतले आणि ऑस्ट्रेलियाने पुढच्या दोन्ही कसोट्या जिंकून मालिका खिशात टाकली.

दुसरी जखम ग्रिमेट यांची. १९३५-३६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ग्रिमेट यांनी पाच कसोट्यांत ४४ बळी घेतले. कसोटीत २०० बळींचा टप्पा गाठणारे ते जगातले पहिले गोलंदाज. आणि त्यानंतर त्यांना पुन्हा एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. निवड समितीत आता ब्रॅडमन होते. ओरायलींनी दोष त्यांनाच दिला आणि मरेपर्यंत देत राहिले. आम्ही दुसरी बाजूही मांडतो : १९३८ च्या इंग्लंड दौऱ्याच्या वेळी ग्रिमेट ४६ वर्षांचे होते. तरुण माणूस घ्यावा असे निवडणाऱ्यांना वाटले तर त्यात पाप नाही. पण ज्यांना घेतले त्यांनी काय केले हे आकड्यांत लिहिलेले आहे, आणि एका टोकाला मित्र नसताना दुसऱ्या टोकाने एकट्याने राबलेल्या माणसाला ते आकडे पाठ असणारच.

त्या राबण्याचा कळस ओव्हलच्या कसोटीत झाला. पण त्याआधी लीड्सची कसोटी सांगितली पाहिजे. धावा दोन्ही बाजूंना कमी. दुसऱ्या डावात हार्डस्टाफ यांनी ओरायलींना चौकार मारला. पुढचा चेंडू पंचांनी नोबॉल दिला आणि त्यावरही चौकार गेला. ओरायली किती चिडले असतील याची कल्पना करा. पुढच्या चेंडूवर हार्डस्टाफ यांचा त्रिफळा. त्याच्या पुढच्या चेंडूवर हॅमंड शून्यावर झेलबाद. दोन्ही डावांत पाच-पाच बळी, सामना ऑस्ट्रेलियाचा, ॲशेसही ऑस्ट्रेलियाकडेच राहिली.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा रागाविषयीचा विचार आम्हाला पाठ करावा लागला होता. राग हाच दोष नव्हे. योग्य कारणासाठी, योग्य माणसावर, योग्य तेवढा आणि योग्य वेळी राग येणे हा गुणच आहे, असे त्याचे म्हणणे. परीक्षेत आम्ही ते बरे लिहिले. उदाहरण मात्र त्या वेळी सुचले नव्हते. आता ते लीड्समध्ये सापडते, कारण तो राग पंचांवर नाही, फलंदाजावरही नाही, तर चेंडूच्या टप्प्यावर उतरला.

ओव्हलवर मात्र राग, कौशल्य, काहीच चालले नाही. इंग्लंडने ७ बाद ९०३ धावा केल्या, लेन हटन यांनी एकट्याने ३६४. ओरायलींनी ८५ षटके टाकली. त्यांतली २६ निर्धाव, १७८ धावांत तीन बळी. नऊशेच्या डावात ८५ षटके टाकून षटकामागे सरासरी दोनच्या थोड्या वर धावा देणे, हे आम्हाला दहा बळींपेक्षा मोठे वाटते. याच डावात गोलंदाजी करताना ब्रॅडमन यांचा घोटा दुखावला आणि ते फलंदाजीला येऊ शकले नाहीत. ऑस्ट्रेलिया एक डाव आणि ५७९ धावांनी हरली.

मग युद्ध आले. कसोट्या थांबल्या. ओरायली आठवडाभर काम करत आणि शनिवारी सेंट जॉर्ज क्लबकडून गोलंदाजी टाकत. सिडनीच्या क्लब क्रिकेटमध्ये त्यांनी एकूण ९६२ बळी घेतले आणि प्रत्येक बळीसाठी साडेनऊहून कमी धावा दिल्या. कसोटीतले १४४ बळी सगळे सांगतात. शनिवारचे हे ९६२ बळी कमी लोक सांगतात. १९४६ च्या मार्च महिन्यात, चाळीस वर्षांचे असताना, ते न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला शेवटचे खेळले. गुडघा आता साथ देत नव्हता. न्यूझीलंडचे डाव ४२ आणि ५४ धावांत आटोपले. ओरायलींचे पाच आणि तीन बळी. सामना झाल्यावर त्यांनी आपले बूट ड्रेसिंगरूमच्या खिडकीतून बाहेर फेकून दिले. त्या सामन्याला कसोटीचा दर्जा दोन वर्षांनी, १९४८ मध्ये मिळाला. म्हणजे आपण शेवटची कसोटी खेळलो हे त्यांना त्या दिवशी ठाऊकही नव्हते.

त्यानंतरची चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी सिडनी मॉर्निंग हेरल्ड या वृत्तपत्रात क्रिकेटवर लिहिले. ते १९८८ पर्यंत लिहीत होते. कंपनीतील मॅनेजरची खुर्ची सांभाळत हे लिखाण चालले. आणि इथेच ती टाइलची कंपनी महत्त्वाची ठरते. ज्याची भाकरी बोर्डाकडून येते तो बोर्डाविषयी काय लिहिणार? ओरायली बोर्डाचे प्रशिक्षक नव्हते, निवड समितीवर नव्हते, कोणाच्या उपकाराखाली नव्हते. चूल टाइलच्या धंद्यावर पेटत होती. म्हणून ते निवड समितीला झोडपू शकले, एकदिवसीय क्रिकेटच्या रंगीत कपड्यांची थट्टा करू शकले आणि सारे जग वेगवान गोलंदाजीच्या मागे लागले असताना लेगस्पिन मेलेली नाही हे वर्षानुवर्षे सांगत राहिले. १९५३ च्या दौऱ्यावर तरुण रिची बेनॉ चाचपडत होते. सगळे प्रकार टाकण्याच्या नादी न लागता एकच चेंडू पक्का करावा आणि फलंदाजाला फुकट धाव देऊ नये, हा सल्ला त्यांना ओरायलींनी दिला. बेनॉ पुढे ऑस्ट्रेलियाचे थोर कप्तान झाले आणि या सल्ल्याचे ऋण त्यांनी नेहमी मानले.

एक गोष्ट आम्हाला आवडत नाही, तीही सांगतो. १९४८ मध्ये ओव्हलवर ब्रॅडमन आपला शेवटचा कसोटी डाव खेळायला आले. सारे मैदान उभे राहिले. दुसऱ्याच चेंडूवर ते शून्यावर बाद झाले, आणि तेही एका लेगस्पिनरच्या गुगलीवर. पत्रकार कक्षात ओरायली आणि फिंगल्टन हसून हसून बेजार झाले, अशी आठवण इंग्लिश पत्रकार स्वँटन यांनी सांगितली आहे. अकरा वर्षांपूर्वीची ती बैठक त्या हसण्यात होती, हे आम्हाला समजते. तरीही पडलेल्या माणसाला हसणे ते हसणेच. कॅथलिक माणसाला झालेला अन्याय हा अन्यायच असतो, पण म्हणून त्याच्या हातून दुसऱ्याला छोटेपणा देणारे काही घडतच नाही असे नाही. आपल्याकडच्या वाड्यावाड्यांतल्या जुन्या भांडणांतही हेच पाहायला मिळते.

पण हसणे एका बाजूला आणि लेखणी दुसऱ्या बाजूला. ब्रॅडमन यांच्या तोडीचा फलंदाज झाला नाही, हे ओरायलींनी लिहिताना आणि बोलताना कधी नाकारले नाही. नवा कोणी आला आणि लोक त्याची ब्रॅडमन यांच्याशी तुलना करू लागले की हेच गृहस्थ सर्वांत आधी ती तुलना उडवून लावत. शाळेत त्यांनी हिशेबलेखन शिकवले होते असे सांगतात. माणसाच्या नावे एक खाते आणि त्याच्या कौशल्याच्या नावे दुसरे. पहिल्यात कितीही येणे बाकी असले तरी दुसऱ्यातला आकडा त्यांनी खोडला नाही. ब्रॅडमन यांनीही ओरायलींविषयी तसेच केले.

१९७१ मध्ये त्यांना ओबीई हा किताब मिळाला. सिडनीच्या मैदानावरील एका स्टँडला त्यांचे नाव दिले गेले. त्याच मैदानावर १९९२ च्या जानेवारीत भारताविरुद्ध शेन वॉर्न नावाचा एक गुबगुबीत, पिवळ्या केसांचा लेगस्पिनर पहिली कसोटी खेळला. आपल्या मुंबईच्या रवी शास्त्री यांनी २०६ आणि अठरा वर्षांच्या सचिन तेंडुलकर यांनी नाबाद १४८ धावा करत त्याला भरपूर चोपले. दीडशे धावा देऊन त्याला एकच बळी मिळाला, शास्त्रींचा. त्यानंतर नऊ महिन्यांनी, ६ ऑक्टोबर १९९२ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी ओरायलींचे सिडनीत निधन झाले. वॉर्नचा तो प्रसिद्ध चेंडू, ज्याने माइक गॅटिंग यांची यष्टी उडवली, पडायला अजून आठ महिने होते. तो पडला मँचेस्टरला, जिथे १९३४ मध्ये ओरायलींनी चार चेंडूंत तिघांना घरी पाठवले होते.